सेंट मेरीज बेटे: नाशिककरांनी विचारलेले प्रश्न

शाळेत भूगोल शिकवत होतो. निवृत्त झाल्यापासून ब्रह्मगिरी, अंजनेरी, रामशेज या भागात दगड पाहायला लोकांना घेऊन जातो. कड्यापाशी थांबून लाव्हाचे थर मोजायला लागलो की माझे बोलणे हमखास उडुपीजवळच्या सेंट मेरीज बेटांवर येते. ती बेटे पाहून आल्यापासून मला आपलाच डोंगर वेगळा दिसतो. मग प्रश्न सुरू होतात आणि घरी पोचल्यावर फोनवरही येत राहतात. बरेचसे प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरे इथे एकत्र लिहिली आहेत.

ही बेटे नेमकी कुठे आहेत?

कर्नाटकात, उडुपी जिल्ह्यात. उडुपी गावाच्या पश्चिमेला मालपे हे मोठे मासेमारी बंदर आहे. तिथून अरबी समुद्रात सहा-सात किलोमीटर आत गेले की बेटे लागतात. अक्षांश साधारण १३ अंश उत्तर, म्हणजे पूर्ण उष्ण कटिबंधात. हवा स्वच्छ असली तर मालपेच्या वाळूवरूनही क्षितिजाजवळ माडांची रेघ दिसते.

बेटे किती आणि केवढी?

मोठी चार: नारळ बेट, उत्तर बेट, दर्याबहादूरगड बेट आणि दक्षिण बेट. बाकी पाण्यातून डोके काढलेले खडक पुष्कळ आहेत. सगळी उत्तर-दक्षिण अशा तुटक ओळीत पसरली आहेत. पर्यटकांना नेतात ते नारळ बेट. त्याची लांबी सुमारे ५०० मीटर, रुंदी १०० मीटरच्या आसपास आणि उंची जेमतेम १० मीटर. रमतगमत फिरायलाही तासभर पुरतो. मी मात्र पहिल्या भेटीत अर्धे बेटसुद्धा पाहिले नाही. उतरल्यापासून एकाच खडकाशी बसून होतो.

तिथे कोणी राहत का नाही?

पाणी. एवढ्याशा अरुंद खडकात गोडे पाणी साठायला जागा नाही, आणि चारही बाजूंनी खारे पाणी. माती थोडी, शेती नाही. पावसाळ्यात दर्या असा खवळतो की होडी लागत नाही. उडुपीच्या किनाऱ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या नाशिक शहरात सातशेच्या आसपास. त्या चार महिन्यांत उघड्या बेटावर माणूस कसा तग धरणार? किनाऱ्यावरचे मोगवीर कोळी या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करतात, पण त्यांचीही घरे मालपेकडेच.

ही प्रवाळाची बेटे आहेत का, लक्षद्वीपसारखी?

नाहीत. लक्षद्वीप प्रवाळांनी बांधले. ही बेटे लाव्हा थिजून झालेल्या खडकाची आहेत.

ते दगडी खांब कोणी घडवले नाहीत हे नक्की का?

नक्की. पण शंका येते, आणि ती यायलाच हवी. बेटावर एकाला एक चिकटून शेकडो खांब उभे आहेत. बहुतेक सहा बाजूंचे, काही पाच, काही सात. कडा सरळ, जणू पाथरवटाने छिन्नी चालवली आहे. सर्वांत उंच खांब सुमारे ६ मीटर. जिथे लाटांनी वरचा भाग झिजवला आहे तिथे वरून पाहिले तर फरशीच अंथरल्यासारखी वाटते.

हे कसे घडले ते समजायला आपले काळे रान पुरेसे आहे. निफाडकडे, दिंडोरीकडे एप्रिल-मेमध्ये काळी जमीन भेगाळते. ओल उडाली की माती आकसते, पण तिला सगळीकडून सारखेच आकसायचे असते, म्हणून ती ठिकठिकाणी फाटते. तीन भेगा एका बिंदूत मिळतात आणि बहुकोनी ढेकळे तयार होतात. लाव्हाचेही तसेच, फक्त इथे ओलीऐवजी उष्णता जाते. जाड थर थिजून दगड झाला तरी अजून धगधगता असतो. तो निवताना आकसतो आणि तडकतो. ताण सर्वांत कमी भेगांत मोकळा व्हायचा तर भेगांमधला कोन १२० अंशांचा हवा. तसे कोन जुळले की षटकोन होतो. मधमाशीच्या पोळ्यातला आकारही हाच.

यापुढची गोष्ट मात्र शेतात दिसत नाही. मातीची भेग थोडी खोल जाऊन थांबते. लाव्हाची भेग थर जसजसा आत निवत जातो तसतशी टप्प्याटप्प्याने आत सरकते, नेहमी निवणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात. म्हणून भेगेची भिंत होते आणि भिंतींमधला दगड खांब होऊन उरतो. खांब आडवे-तिरपे दिसले तर समजावे की तिथे निवणारा पृष्ठभाग सपाट नव्हता. लाव्हा सावकाश निवला तर खांब जाड, भरभर निवला तर बारीक.

आमच्याबरोबर आलेल्या एका पाथरवट आजोबांनी खांबावर हात फिरवला आणि म्हणाले, "याला टाकीचा घाव नाही, सर. माणसाच्या घावाची खूण राहतेच." मी तासभर समजावून जे सांगितले असते ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले.

आपला काळा पाषाण आणि तिथला दगड एकच ना? दोन्ही लाव्हाच.

सगळ्यात जास्त वेळा हा प्रश्न येतो आणि तो माझा आवडता आहे. उत्तर: एक नाही. घडणीतही फरक आहे आणि वयातही.

आपला दगड बेसॉल्ट. काळाराम मंदिर, पांडवलेणी, घरातले जाते, पाटा-वरवंटा, सगळे त्याचेच. त्यात सिलिकाचे (वाळूत असते ते द्रव्य) प्रमाण साधारण निम्मे असते, म्हणून बेसॉल्टचा लाव्हा पातळ. तो काकवीसारखा लांबवर पसरतो. ब्रह्मगिरीच्या कड्यावर जे आडवे पट्टे दिसतात ते असे एकावर एक पसरलेले थर. दख्खनचे हे पठार आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर आहे.

बेटांवरचा दगड रायोलाइट जातीचा. त्यात सिलिका सत्तर टक्क्यांच्या घरात, त्यामुळे तो लाव्हा घट्ट, चिकट, फार दूर न जाणारा. नुसत्या डोळ्यांना हाही दगड काळपट-करडाच वाटतो आणि म्हणून लोक फसतात. जगात असे खांब बहुधा बेसॉल्टचे सापडतात. उत्तर आयर्लंडमधला जायंट्स कॉजवे बेसॉल्टचाच. रायोलाइटमध्ये इतके नेटके खांब तयार व्हावेत हे बेटांचे खरे अप्रूप. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने जी राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारके ठरवली आहेत त्यांत ही बेटे आहेत, आणि आपले लोणारही त्याच यादीत आहे.

आता वय. दख्खनचा लाव्हा मुख्यतः ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. बेटांवरच्या दगडाचे वय वेगवेगळ्या पद्धतींनी मोजले गेले आहे आणि ते साडेआठ ते नऊ कोटी वर्षांच्या आसपास येते. म्हणजे ब्रह्मगिरीचा पहिला थर ओतला जाण्याआधी दोन-अडीच कोटी वर्षे ते खांब थिजून उभे होते. अंजनेरीवर बसून आपल्याला वाटते की पायाखालचा दगड सगळ्यात जुना. मलाही तसेच वाटायचे. बेटावर त्या खडकाला पाठ टेकून बसलो तेव्हा पहिल्यांदा जाणवले की आपला डोंगर मोठा असला तरी तिथे तोच धाकटा.

मादागास्करचा काय संबंध?

भारत आणि मादागास्कर एके काळी एकमेकांना चिकटलेले होते. दोघेही गोंडवन या महाखंडाचे तुकडे. आधी ही जोडी आफ्रिकेपासून सुटली, मग अंटार्क्टिकापासून. सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी ती आपसांत फुटली. खंड फुटतो तेव्हा कवच ताणून पातळ होते, खालचा वितळलेला खडक वर येतो आणि फटीच्या दोन्ही काठांवर ज्वालामुखी पेटतात. मादागास्करमध्ये त्याच काळातला लाव्हा मोठ्या प्रमाणावर आहे. आपल्या काठावर त्याचा जो पुरावा उरला त्यात मालपेसमोरच्या या चिमुकल्या बेटांचे स्थान मोठे आहे. दोन्हीकडच्या दगडांची वये आणि घडण ताडून पाहूनच शास्त्रज्ञांनी ही फाटाफूट केव्हा झाली ते ठरवले.

आज बेटांपासून मादागास्करचे उत्तर टोक सुमारे ४,००० किलोमीटरवर आहे. मधला सगळा समुद्र त्यानंतर उघडला.

यानंतर भारत उत्तरेकडे सरकत राहिला. सरकताना पृथ्वीच्या पोटातून वितळलेला खडक वर येतो अशा एका तप्त जागेवरून गेला, आज रियुनियन बेट आहे तिथून, आणि तेव्हा दख्खनचा लाव्हा ओतला गेला. त्याच सुमारास सेशेल्सचा तुकडाही पश्चिमेला सुटला. म्हणजे आपला पश्चिम किनारा एका झटक्यात तयार झाला नाही, तो दोनदा फाटला. पहिल्या फाटण्याची खूण मालपेला आहे, दुसऱ्या फाटण्याच्या काळातला दगड नाशिकला.

आणि या फाटण्याचे आणखी एक फळ आपण रोज पाहतो. त्र्यंबकेश्वरहून पश्चिमेचा समुद्र शंभर किलोमीटरही नाही. तरी गोदामाई तिकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. फाटलेल्या खंडाची कड उचललेली असते आणि पठार तिच्यापासून दूर, पूर्वेला उतरते. रामकुंडावर उभे राहून पाण्याची दिशा पाहिली की मला हमखास मालपे आठवते.

मग ही बेटे म्हणजे मादागास्करचा तुटून राहिलेला तुकडा का?

असे लिहिलेले मीही वाचले आहे, पण ते चूक. बेटे भारताच्याच काठावरची आहेत. फुटण्याच्या वेळी जो लाव्हा वर आला, त्याची.

नाव सेंट मेरी कसे पडले?

वास्को द गामामुळे. फक्त एक दुरुस्ती करायची आहे. "कालिकतला पोचण्यापूर्वी गामा इथे उतरला" असे सर्रास सांगतात. त्याच्या ताफ्यातल्या एका सहप्रवाशाने लिहिलेली रोजनिशी उपलब्ध आहे आणि तिच्यातला क्रम उलटा आहे. गामा मे १४९८ मध्ये कालिकतला पोचला. तिथल्या सामुतिरी राजाशी त्याचे बिनसले. २९ ऑगस्टला त्याने परतीची शिडे उभारली आणि किनाऱ्याने उत्तरेकडे निघाला. १५ सप्टेंबरला तारवे काही बेटांजवळ आली, किनाऱ्यापासून सुमारे दोन लीग (अंतराचे जुने माप) अंतरावर. तिथे होडी उतरवून एका बेटावर दगडी स्तंभ उभारला.

पोर्तुगालच्या राजाने असे तीन स्तंभ बरोबर दिले होते: साँव राफाएल, साँव गाब्रिएल आणि सांता मारिया. त्यातला तिसरा इथे लागला आणि तेच नाव बेटांना चिकटले. असा स्तंभ म्हणजे "ही वाट आम्ही शोधली" असा दावा. आज तो तिथे नाही. पुढे ही तारवे कारवारजवळच्या अंजदीव बेटावर डागडुजीला थांबली आणि ५ ऑक्टोबरला समुद्र ओलांडायला निघाली. आफ्रिकेचा किनारा गाठायला जवळपास तीन महिने लागले आणि कितीतरी खलाशी स्कर्व्हीने, म्हणजे ताज्या अन्नाअभावी होणाऱ्या रोगाने, दगावले.

मला नेहमी वाटते, दगडी खांबांच्या बेटावर त्याने आणखी एक दगडी खांब रोवला. त्याचा गेला, बेटाचे राहिले.

स्थानिक लोक काय म्हणतात?

नारळ बेटाला तोन्से पार हे स्थानिक नाव आहे. होडीवाल्यांशी बोलताना तुम्हीही तेच वापरून पाहा, चेहरा खुलतो. तिकडची बोली तुळू, कारभाराची भाषा कन्नड, पण मोडक्या हिंदीत काम भागते.

दर्याबहादूरगड हे तर आपल्याकडचे नाव वाटते. किल्ला मराठ्यांचा का?

नाव ऐकून मीही आनंदलो होतो. पण किल्ला बिदनूरच्या, म्हणजे केळदीच्या, बसप्पा नायकाचा. "दर्या", "बहादूर", "गड" हे शब्द त्या काळी सगळ्या दख्खनच्या दरबारांत चालत.

शिवाजी महाराज या बाजूला आले होते ना?

होय, आणि समुद्रमार्गे. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज मालवणहून आरमार घेऊन निघाले. ८५ गलबते आणि ३ मोठी जहाजे अशी नोंद आहे. बसरूर हे त्या वेळचे श्रीमंत बंदर त्यांनी मारले. परतताना गोकर्णाला दर्शन घेतले. बसरूर मालपेच्या उत्तरेला, कुंदापूरजवळ आहे. म्हणजे आरमार बेटांच्या अलीकडूनच वळले. तिकडे जाणारच असाल तर बसरूरला वाट वाकडी करा. आता ते शांत खेडे आहे, नदीकाठी उभे राहिल्यावर बंदराची कल्पना येते.

नारळ बेटावर नारळ आहेत का? विकत मिळतो का?

माड भरपूर आहेत, त्यांवरूनच नाव. शहाळे मालपेला किनाऱ्यावरच प्या.

नारळावरून एक गोष्ट सांगतोच, कारण ती आपल्या गावची आहे. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा. त्याने दिलेल्या दानांत बत्तीस हजार नारळाच्या झाडांचा उल्लेख आहे. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राणी गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या मुलाला, सातकर्णीला, "ज्याची वाहने तीन समुद्रांचे पाणी प्यायली" असे म्हटले आहे. नाशिकचा आणि समुद्राचा काय संबंध, असे कोणी विचारले की मी त्यांना त्रिरश्मीच्या, म्हणजे पांडवलेण्यांच्या डोंगराच्या, पायऱ्या चढायला लावतो.

उडुपीच्या कृष्णाच्या गोष्टीतला खडक हाच का?

ती परंपरा मालपेच्या किनाऱ्याशी जोडलेली आहे. द्वारकेहून आलेले जहाज वादळात सापडले, मध्वाचार्यांनी उपरणे हलवून ते तारले, आणि जहाजातल्या गोपीचंदनाच्या गोळ्यातून कृष्णमूर्ती निघाली, अशी ती कथा. मालपेजवळ वडभांडेश्वरला बलरामाचे देऊळ आहे. देवदर्शन आणि बेट दोन्ही एका दिवसात होते.

नाशिकहून कसे जायचे?

गाडी बदलायची नसेल तर मंगला एक्स्प्रेस. ती नाशिकरोडला थांबते, पनवेलवरून कोकण रेल्वेला लागते आणि उडुपीला उतरवते. आरक्षण लवकर करा, सुट्टीत मिळत नाही. नाहीतर मुंबई गाठून मत्स्यगंधा. उडुपी स्थानकावरून मालपेला बस आणि रिक्षा मिळतात, बंदरावरून बेटासाठी होडी. होडीवाले माणसे पुरेशी जमली की निघतात, तेव्हा सकाळी लवकर पोचणे चांगले. मुक्कामाची परवानगी नाही, संध्याकाळी परतावेच लागते.

कोणत्या महिन्यात?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात होड्या बंद असतात. मार्चनंतर जाता येते, पण निवाऱ्याला फक्त माडांची सावली आणि दगड तापलेला. नाशिकच्या कोरड्या उन्हाची सवय तिथल्या घामट हवेत कामी येत नाही. शक्य असेल तर ओहोटीची वेळ विचारून घ्या. पाणी उतरले की खांबांच्या तळापर्यंत जाता येते आणि लाटांनी कापलेले सपाट टप्पे नीट दिसतात. एकावर एक पायऱ्यांसारखे असलेले हे टप्पे समुद्राची पातळी पूर्वी बेटाच्या मानाने वर होती, हे सांगतात.

लहान मुले, म्हातारी माणसे जाऊ शकतात का?

जाऊ शकतात, पण चढ-उतार करताना हाताला धरायला माणूस हवा. आणि हे मी कळकळीने सांगतो: शेवाळलेल्या खांबांवर फोटोसाठी उभे राहू नका. खडकावरून पाय घसरून लाटेत ओढले जाऊन तरुण मुले दगावली आहेत. खांबांमधल्या फटीत पाणी वरून शांत दिसते, खाली ओढ जबर असते. आपल्याकडची धरणात-नदीत पोहणारी मुले "मला येते" म्हणून उडी टाकतात. समुद्राला ते चालत नाही. सुरक्षारक्षकाने दोरीपलीकडे जाऊ नका म्हटले की वाद घालू नका.

शिंपले किंवा एखादा दगड आठवण म्हणून आणला तर?

नका आणू. बेटावर वाळूपेक्षा शिंपल्यांचा चुराच जास्त आहे, तेव्हा "मूठभराने काय होते" असे वाटते. पण ५०० मीटरचे बेट, आणि रविवारी होड्यांमागून होड्या. रिकाम्या शिंपल्यांत लहान शंखखेकडे राहतात. खांबाचा तुटका कोपरा उचलला तर तो परत तयार व्हायचा नाही. आमच्यातल्या एकाने खिशात घातलेला तुकडा मी होडीत चढण्यापूर्वी परत ठेवायला लावला. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आता तोच नव्या लोकांना हे सांगतो.

तिकडे जाणे जमणार नाही. जवळपास असे खांब कुठे दिसतील?

बेसॉल्टचे दिसतील. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे, चारी बाजूंनी इमारतींनी वेढलेला साठेक मीटर उंचीचा खांबांचा सुळका, माथ्यावर गावदेवीचे देऊळ. नाशिकहून सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येते. लोक पायऱ्या चढून वरून मुंबई पाहतात आणि निघतात. खांब मात्र खालूनच दिसतात. आधी टेकडीच्या पायथ्याला जा, मान वर करून कड्याकडे पाहा आणि एका खांबाची एक कड नजरेने खालपासून वरपर्यंत न सोडता न्या. घाटातून जाताना रस्त्यासाठी फोडलेल्या कड्यांकडेही असेच पाहत चला. उभ्या भेगांच्या रांगा दिसल्या तर गाडी सुरक्षित जागी थांबवून बाजू मोजा.